दोनदा दाबलं तर नाही

४ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची. दोन पेट्या, एक गादी, साबणाच्या वड्यांची पिशवी आणि बाबा, एवढा सगळा लवाजमा घेऊन नव्या नोकरीवर हजर झाले. बाबांना सामानात धरलं म्हणून ते दुपारभर रुसून बसले होते. मग हर्नियाचा पट्टा आवळत जिना चढताना त्यांनीच कबूल केलं की पेट्या बिचाऱ्या निदान कण्हत तरी नाहीत.

खोली इस्पितळाच्या आवारातच आहे. एक खिडकी, एक नळ, आणि नळाला पाणी! मी आधी सगळी फरशी पुसून काढली, मग कपाट, मग दाराची कडी. घरात मला साबणबाई म्हणतात ते काही उगाच नाही. बाबा खाटेवर पाय वर घेऊन बसले आणि म्हणाले, मला धुऊन वाळत घालायच्या आत ऑपरेशनची तारीख काढ. या नोकरीचं खरं कारण तेच. इथे नर्सच्या आईवडलांचं ऑपरेशन फुकट होतं. गेली किती तरी वर्षं हा माणूस पट्ट्यावर दिवस काढतोय.

संध्याकाळी वॉर्ड बघून आले. सर्जिकल वॉर्डाला एक वास असतो. स्पिरिट, फिनेल, ओल्या चादरी, आणि या सगळ्यांच्या खाली दबा धरून बसलेला पुवाचा वास. तो केसांत बसतो, घरी येतो, जेवायला बसलं की ताटातून वर येतो. कितीही हात धुवा. इथे तो नाही. मी दारापासून शेवटच्या खाटेपर्यंत नाक वर करून हुंगत गेले, पेशंट हसायला लागले, पण नाहीच. चादरी पांढऱ्या, बेसिन कोरडी, कोपऱ्यात जळमट नाही. मोठ्या सिस्टर, म्हणजे आमच्या इन्चार्ज, गोऱ्या, ठेंगण्या, आवाज अगदी मऊ. माझे हात हातात घेऊन त्यांनी नखं बघितली आणि म्हणाल्या, देवानेच पाठवलं गं तुला.

मी हुरळून गेले. लिहायला लाज कशाला?

५ तारीख, मंगळवार

पहिला राउंड. मला शिकवलेलं सगळं इथे तंतोतंत पाळतात. ड्रेसिंगची ट्रॉली आधी पुसायची. स्वच्छ जखम आधी, घाण जखम शेवटी. आणि मोठ्या सिस्टर पट्टी उघडायच्या आधी प्रत्येकाला विचारतात. दादा, उघडू का? ताई, थोडं झोंबेल, चालेल ना? हो म्हटल्याशिवाय हात लावत नाहीत. मागच्या नोकरीत माझं यावरूनच वाजायचं. तिथल्या बाया पेशंटला न विचारता उताणा-पालथा करायच्या, जणू भाजी निवडतायत. मला असल्यांची किळस येते, पुवापेक्षा जास्त.

एकच गोष्ट खटकली. निघालेलं घाण गॉज पिवळ्या पिशवीत जायला हवं, जाळायला. मोठ्या सिस्टर ते ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यातल्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात टाकतात. विचारलं तर म्हणाल्या, राउंड संपला की मी एकेक तुकडा नीट बघते, जखमेचं खरं काय चाललंय ते गॉज सांगतं. पटलं. मीही वास घेऊन बघतेच की.

शेवटची खाट भिंतीकडची, तिला कायम पडदा. तिथे शांतकाका आहेत. पूर्वी बस चालवायचे म्हणे. आतडं फुटून आले आणि राहिले ते राहिलेच. गळ्यात श्वासाची नळी असल्यामुळे बोलता येत नाही, म्हणून हे नाव. भेटायला कुणी येत नाही. त्यांचं ड्रेसिंग मोठ्या सिस्टर एकट्याच करतात. डबा घेऊन आत गेल्या, पडदा ओढला. मी बाहेर ट्रॉली आवरत उभी होते. तिथे मात्र विचारल्याचा आवाज आला नाही.

मला वाटलं, हळू विचारलं असेल.

८ तारीख, शुक्रवार

बाबांचं ऑपरेशन झालं! मोठ्या डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की सगळं झकास. बाबा शुद्धीवर आल्या आल्या मावशीला म्हणाले, आतले पार्ट मोजून परत ठेवलेत ना? मावशी म्हणजे आमच्या वॉर्डातली आया, हसून हसून तिच्या हातातलं भांडं सांडलं.

बाबा घड्याळजी. पार्ट हा त्यांचा धर्म. शेजारचे दुकानदार एका गिऱ्हाइकाच्या घड्याळातला चांगला पार्ट काढून दुसऱ्याच्या घड्याळात बसवायचे, कुणाला पत्ताही लागायचा नाही. बाबांनी जन्मात केलं नाही. पार्ट मिळाला नाही तर घड्याळ बंद परत द्यायचे, वर माफी मागायचे. आई चिडायची. ज्याचा पार्ट तो हो म्हणेल तर काढू की, असं बाबा म्हणायचे. पण त्या गिऱ्हाइकाला विचारायला जायचं कुणी, हा आईचा मुद्दा.

इथल्या जखमा विचित्र भराभर भरतात. आज बघितलेला पू उद्या गायब. परवा एका बाईचे टाके हिरवे पडले होते, मी तोंड फिरवलं होतं, आज त्याच जागी बाळाच्या गालासारखी कातडी. मोठे डॉक्टर पाहुण्यांना घेऊन येतात, आमचा वॉर्ड दाखवतात. मला या वॉर्डाचा गर्व वाटायला लागलाय.

१० तारीख, रविवार

काल बाबांची जखम लाल होती, कडेला पिवळा थेंब. मीच गॉज घडी घालून ठेवलं होतं. माझी घडी ओळखू येते, मी चारही टोकं आत दुमडते, शाळेपासूनची खोड. मोठ्या सिस्टरांनी ते काढून डब्यात टाकलं, माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाल्या, उद्या बघ.

आज सकाळीही जखम तशीच. मी आजचा डबा उचलून पडद्याआड त्यांना द्यायला गेले.

नसते गेले तर बरं झालं असतं. नाही, तसंही नाही.

काकांचा सदरा वर केलेला. पोटाच्या उजव्या बाजूला बशीएवढं भोक. कडा राखाडी, ओल्या, फुगलेल्या. मोठ्या सिस्टरांच्या एका हातात अजून एक डबा होता, कालचा. त्यांनी चिमट्याने त्यातून एक तुकडा काढला, हिरवट, लोंबणारा, तार सुटलेला, आणि भोकात सारला. मग दुसरा. सारतायत, सारतायत, आणि त्या कडा हलत होत्या. दात नसलेलं म्हातारं तोंड मऊ घास घोळवतं, तशा. तुकडा आत गेला की चप्प असा बारीक आवाज. पोट जराही फुगत नव्हतं. मग चारही टोकं आत दुमडलेली एक घडी वर आली. माझी. बाबांची. तीही गेली.

काका छताकडे बघत होते. डोळ्यांतून पाणी कानात ओघळत होतं. मोठ्या सिस्टरांनी ते दुसऱ्या हाताने टिपलं, अगदी मायेने, आणि त्याच हातमोज्याने.

मी बेसिनवर गेले आणि सगळं ओकले. नंतर हात धुतले. परत धुतले. दुपारी बाबांची जखम कोरडी होती. आज भूक लागलीय बघ, म्हणाले, आणि ताट चाटूनपुसून खाल्लं. मी बघत बसले. त्यांच्या प्रत्येक घासाला मला तो चप्प ऐकू येत होता.

११ तारीख, सोमवार

बोलले. ड्यूटीरूममध्ये, दार लावून. मला वाटलं त्या कानावर हात ठेवतील. त्यांनी चहा ओतला, माझ्या कपात साखर ढवळून दिली आणि सगळं सांगितलं.

पूर्वी हा वॉर्ड सडका होता. चांगलं ऑपरेशन झालेला माणूस आठवड्यात काळा पडायचा. मग काका आले. एकदा घाईत दुसऱ्याच कुणाच्या जखमेचा तुकडा काकांच्या ड्रेसिंगमध्ये पडला आणि आत राहून गेला. मोठ्या सिस्टर विसरल्या. दुसऱ्या दिवशी आठवून घाबऱ्याघुबऱ्या काढायला गेल्या तर आत काहीच नाही. आणि ज्याचा तुकडा तो माणूस ठणठणीत. ही चूक त्यांनी कुणाला सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम करून बघितली.

मी म्हटलं, अहो, त्यांना विचारलंत का? तर म्हणाल्या, विचारलं की गं. विचारल्याशिवाय मी कधी काही करते का? त्यांचा हात हातात घेतला, म्हटलं, तुमच्यामुळे सगळे वाचतील, चालेल ना? त्यांनी माझा हात घट्ट दाबला.

दुखणारा माणूस हाताला लागेल ते दाबतो, हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही कळतं. आणि एकदा दिलेला होकार जन्माचा नसतो, माणूस तो कधीही मागे घेऊ शकतो. मी हे सगळं म्हणाले, आवाज चढवून. त्यांनी माझा कप पुन्हा भरला. मग एवढंच विचारलं की बाबांची जखम आज कशी आहे.

कोरडी आहे म्हणाले, आणि चहा संपवला. याची मला सगळ्यांत जास्त किळस आली.

मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझं बोलणं मध्येच तोडलं. ड्रेसिंग हा नर्सिंगचा प्रांत आहे, त्यात ते ढवळाढवळ करत नाहीत म्हणे. त्यांना सगळं माहीत आहे. माझ्याकडे बघताना त्यांनी रुमाल नाकाला लावला होता, वॉर्डात वास नसताना.

१३ तारीख, बुधवार

आज मोठ्या सिस्टरांची सुट्टी. राउंड माझ्याकडे.

सगळं घाण गॉज पिवळ्या पिशवीत टाकलं, तोंड बांधलं, जाळायला पाठवलं. डबे उकळून उपडे घातले. मग पडद्याआड गेले.

आधी त्यांना माझं काम सांगितलं, मी कोण तेही. मग हातमोजा काढला. माणसाचा हात आहे हे कळायला हवं म्हणून. त्यांच्या हातात माझा हात दिला आणि सांगितलं, एकदा दाबलं तर हो, दोनदा दाबलं तर नाही. घाई नाही, मी थांबते. आधी साधं विचारलं, बस चालवायचात का? एकदा. पुढची गंमत म्हणून, विमान? दोनदा, आणि डोळ्यांच्या कडेला हसू. हा माणूस पूर्ण शुद्धीवर आहे. इतके दिवस, रोज, पूर्ण शुद्धीवर.

मग विचारलं. दुसऱ्यांची घाण तुमच्यात घालतात, ती घालायला तुमचं हो आहे का?

एकदा दाबलं. मी हात तसाच ठेवला. बऱ्याच वेळाने दुसऱ्यांदा दाबलं. इतकं जोरात की नख माझ्या तळव्यात रुतलं.

मी शब्द दिला की यापुढे त्यांना विचारल्याशिवाय कुणी काही करणार नाही. जखम धुतली. आत बघितलं. इतक्या माणसांचं कापड गेलंय तिथे, आणि काही नव्हतं. नुसती लाल पोकळी, आतून ऊब येणारी.

खोलीवर येऊन ढसाढसा रडले, पण हलकं वाटलं. तळव्यावर बारीक ओरखडा आहे. आयोडिन लावलं.

१४ तारीख, गुरुवार

जिन्यातच वास आला.

दार उघडलं आणि तो अंगावरच आला. गोडूस, जड, जिभेवर बसणारा. सगळ्या चादरींवर डाग. त्या टाकेवाल्या बाईची गालासारखी कातडी फुटून तिच्यातून भाताच्या पेजेसारखं काही तरी गळत होतं आणि ती बाई माझ्याकडे बघून विचारत होती, सिस्टर, माझं काय झालं? मावशी तोंडाला पदर लावून रडत होती. बाबांचे टाके उसवले होते. मी पट्टी उघडली तर पट्टीबरोबर कातडीही आली. बाबा म्हणाले, काय गं साबणबाई, तुझ्या राज्यात हा कसला वास? आणि मग हसता हसता त्यांचे दात वाजायला लागले. ताप.

मी केलं हे. नियमाने वागून केलं.

मोठ्या सिस्टर आल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी राउंड घेतला, प्रत्येकाला विचारून, डबा काठोकाठ भरला. मग मला घेऊन पडद्याआड गेल्या आणि माझ्यादेखत काकांचा हात धरून विचारलं. माझ्याच रीतीने. एकदा हो, दोनदा नाही.

काकांनी माझ्याकडे बघत दोनदा दाबलं.

त्या वळून म्हणाल्या, नाही म्हणतात. तुझं बरोबर होतं. आणि भरलेला डबा माझ्या हातात दिला. आता कुठे ठेवू ते सांग, म्हणाल्या.

१५ तारीख, शुक्रवार

काकांचं भोक रात्रीतून निम्मं भरलंय. गुलाबी, स्वच्छ. बाबा मला ओळखत नाहीत. आईला हाका मारतात.

जखम धुऊन धुऊन मी थकले. धुवावी तितकी वाहते. इंजेक्शनं दिली, बदलून दिली. दुसऱ्या इस्पितळात हलवायला डॉक्टर सही करत नाहीत, रस्त्यातच जातील म्हणतात.

तळव्यावरचा ओरखडा उघडला होता. दुखत नव्हता. कडा हलल्या. नुसत्या हलल्या नाहीत, बाबांच्या गॉजकडे वळल्या.

मी कुणाच्या घड्याळातला पार्ट काढत नव्हते. माझाच होता. माझा पार्ट, माझी मर्जी. घाण तुकडा डाव्या हाताने उचलला आणि उजव्या तळव्यात दाबला. बाबांचा. फक्त बाबांचा.

चप्प.

गरम काही तरी मनगटापर्यंत चढलं. मी बेसिनला धरून उभी राहिले. तासाभरात बाबांचा ताप उतरला. पाणी मागितलं.

मागे वळले तर मोठ्या सिस्टर दारात. डोळे भरून आलेले. म्हणाल्या, मला वाटलंच होतं, तू हो म्हणशील.

१६ तारीख, शनिवार

हात कोपरापर्यंत सुजलाय. रंग नको लिहायला. काल जिथे ओरखडा होता तिथे आता बोट जाईल.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं. मी बाबांपुरतं हो म्हटलं. एका गोष्टीला दिलेली संमती सगळ्याला नसते. त्या म्हणाल्या, मग त्या टाकेवाल्या बाईला तूच जाऊन सांग, माझा बाप माझा आणि तू परकी.

घसा दुखतोय. घोट गिळवत नाही.

काका चालत गेले. गळ्यातली नळी निघाली, तिथल्या भोकावर बोट दाबून त्यांनी माझ्याशी दोन शब्द काढले. खरखरीत. म्हणाले, तेव्हा मला कळ आली होती, म्हणून बाईंचा हात धरला. एवढंच. मग माझ्या हाताकडे बघितलं, आणि मान खाली घालून गेले. त्यांना दोष देत नाही. थोडासा देते.

१८ तारीख, सोमवार

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर असंच येणार.

घसा आतून सुजून बंद झाला. श्वास कोंडला तेव्हा डॉक्टरांनी नळी घातली. गळ्यात. ड्यूटीतला संसर्ग म्हणाले. आवाज गेला. खाट शेवटची, भिंतीकडची. पडदा —

चादर त्यांनी बदललेली नाही. काकांचीच. मी मावशीला खुणेने सांगितलं, साबण. ती बघत नाही माझ्याकडे.

वॉर्डात वास येत नाहीये पुन्हा. मी ग्लानीत असताना सगळ्यांचा डबा माझ्यात रिकामा झाला असणार, बाबांपुरत्या दिलेल्या होकारावर. फक्त माझ्या खाटेवर येतो. माझाच.

१९ तारीख

बाबा चार खाटांपलीकडे आहेत. आवाज ऐकू येतो. त्यांना सांगितलंय मला ट्रेनिंगला पाठवलं. न सांगता गेली, म्हणतात, साबण तरी नेला का तिने. मावशी हसत नाही आता.

हाक मारता येत नाही. खाटेची कड वाजवली. बाबा म्हणाले, पलीकडच्या पेशंटला बघा कुणी तरी. बिचारा.

कागदावर मोठ्या अक्षरात नाही लिहून मोठ्या सिस्टरांना दाखवलं. त्यांनी वाचलं. घडी घातली. तापात लिहिलेलं धरत नाहीत म्हणाल्या. विचारायची रीत आहे ना, तूच घालून दिलेली. उद्या राउंडच्या वेळी रीतसर विचारीन. सगळं तुझ्या मनासारखं. पेन काढून घेतलं. पेन्सिल उशीखाली होती ती —

२० तारीख. सकाळ

ठरवलंय. बाबांना कळलं असतं तर त्यांनी काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे. पार्ट नाही मिळाला तर बंद घड्याळ परत. माफी मागून. बाबा, माफ करा. बाबांच्या वाटचं मी दिलं, ते माझं. बाकीचं नाही. दोनदा दाबायचं. उजवा हात उचलत नाही पण बोटं हलतात. सराव केला. एक, दोन. एक, दोन.

ट्रॉलीची चाकं. दादा, उघडू का. ताई, चालेल ना. सगळ्यांना विचारतायत. किती गोड आवाज —

बाबा म्हणतायत, हो, उघडा की.

आल्या. हातमोजा काढला त्यांनी. हात ऊबदार आहे. विचारलं. नीट, पूर्ण वाक्यात, मावशी साक्षीला. एकदा हो, दोनदा नाही.

मी एकदा दाबलं.

दुसऱ्यांदा दाबायला बोटं वळवली तर हातात काही नव्हतं. त्यांनी हात काढून घेतला होता. डोळे पुसत होत्या. बाहेर सांगितलं, हो म्हणाली. मी हवेतच दाबतेय. दाबतेय. मावशी बघ ना, मावशीने बघितलं, तिने मान फिरवली —

डबा आणायला गेल्यात. झाकण वाजलं. चिमटा. परत येतायत, ही वहीच दाखवते त्यांना, एवढं तरी, मी थांबले होते, काकांसाठी मी थांबले होते, दुसऱ्यांदा दाबायचं राहिलंय, दोन, दोन म्हणजे ना